गामो नमुन्याच्या स्प्रिंग एअर रायफलला बाहेरून घेतलेला ट्रिगर बसवायचाय: काय तपासायचं, कुठे हात लावायचा नाही?

खोपट१७७ (ठाणे)

नमस्कार मंडळी. एअर रायफल .१७७ ची (०.१७७ इंच नळीची), ब्रेक-बॅरल (नळी खाली वाकवून स्प्रिंग दाबायची, म्हणजे चढवायची), स्प्रिंगवर चालणारी, चिनी बनावटीची. ट्रिगरची पेटी गामो या स्पॅनिश कंपनीच्या जुन्या नमुन्यावर बेतलेली दिसते. दाब लांबलचक आहे, मध्ये कुठेही थांबा लागत नाही आणि नेमकी केव्हा सुटेल याचा अंदाज येत नाही. सामान तोलायच्या हुकच्या डिजिटल काट्यावर २.१ ते २.६ किलो आकडा येतो. एकसारखा येत नाही, ही खरी अडचण.

कारखान्याचं पातं (ट्रिगरचा बोटाने ओढायचा भाग) प्लास्टिकचं आहे. त्याच्या जागी बसणारं ॲल्युमिनियमचं पातं इथल्याच एका विक्रेत्याकडे बिलासह मिळतंय. त्यात दोन ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे बारीक स्क्रू) आहेत. विचारायचं ते असं:

पातं माझ्या पेटीत बसेल की नाही हे मागवण्याआधी कसं ओळखायचं? त्यासाठी मेन स्प्रिंग (पिस्टन ढकलणारी मुख्य स्प्रिंग) काढावी लागते का? सिअर (पिस्टन अडवून धरणारा खटका) पॉलिश केल्याने फरक पडतो असं बरेच जण सांगतात, ते करावं का? आणि स्प्रिंग रायफलवर दाब किती ग्रॅमपर्यंत खाली आणणं शहाणपणाचं?

वापर फक्त १० मीटरवर कागदी टार्गेटसाठी, क्लबच्या रेंजवर.

---

रबाळे_फिटर (नवी मुंबई)

आधी पेटी ओळखा, पैसे मग द्या. दस्ता उतरवून पेटीचा दोन्ही बाजूंनी सरळ फोटो काढा, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून. पाहायचं ते हे: पात्याची पिन आरपार आहे का आणि तिच्या टोकाला ई-क्लिप (पिन अडवणारी E आकाराची चकती) आहे का, सेफ्टीची पट्टी पात्याच्या पुढे वेगळ्या पिनवर फिरते का, आणि पात्याच्या मागे पेटीत एक छोटा ॲडजस्टिंग स्क्रू आहे का, जो ट्रिगर गार्डच्या भोकातून दिसतो. तिन्ही गोष्टी असतील तर जुन्या गामोचा नमुना. जीआरटी-३ हे पातं याच नमुन्यासाठी निघालं होतं आणि बाजारातली बरीचशी ॲल्युमिनियमची पाती त्याचीच भावंडं आहेत. गामोने नंतर आणलेल्या एसएटी आणि सीएटी या ट्रिगरांची रचना वेगळी आहे, त्यांत हे पातं चालणार नाही. पिनांच्या जागी रिव्हेट मारलेले असतील तर तिथेच थांबा. रिव्हेट ड्रिल करून उघडलेली पेटी पुन्हा सरळ बसत नाही.

मग व्हर्नियरने दोन मापं घ्या: पिनचा व्यास आणि पेटीच्या आतली रुंदी. विक्रेत्याकडून पात्याच्या भोकाचा व्यास आणि जाडी मागवा. भोक पिनपेक्षा ०.०५ मिमीच्या आसपास मोठं हवं. ०.२ मिमी मोठं असेल तर पातं डगडगेल आणि दर वेळी सिअरला वेगळ्या जागी टेकेल. आकडा एकसारखा न येण्याचं हे पहिलं कारण असतं, तुमच्या प्लास्टिकच्या पात्यातही बहुधा हेच चाललंय.

मेन स्प्रिंग काढायची गरज नाही. फक्त पातं बदलायचं असेल तर पिस्टन, स्प्रिंग, मागची टोपी यांपैकी कशालाही हात लागत नाही. ज्या कामाला स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतो ते काम या धाग्याबाहेरचं समजा.

आता यंत्र कसं चालतं ते, कारण पुढची सगळी सेटिंग त्यावरच आहे. वरचा सिअर पिस्टनची खाच धरून बसतो. खालचा सिअर वरच्याला टेकू देतो. पातं खालच्या सिअरला ढकलतं, इतकंच त्याचं काम. ढकलायच्या जागा मात्र दोन असतात. एक पात्याच्या पिनजवळ: तिथून तरफ लांब मिळते, म्हणून दाब हलका आणि सिअर हळू सरकतो. हा पहिला टप्पा. दुसरी जागा पिनपासून लांब, स्क्रूच्या टोकाची. तिथे संपर्क आला की बोटाला अचानक जड लागतं, आणि तेवढ्याच बोटाच्या हालचालीत सिअर भरभर सरकून सुटतो. हा दुसरा टप्पा.

तुमच्या रायफलमध्ये थांबाच लागत नाही याचा अर्थ स्क्रूचं टोक पोचायच्या आत सिअर सुटतोय. म्हणजे सगळा प्रवास पहिल्याच टप्प्यात संपतो. नव्या पात्यातले दोन ग्रब स्क्रू या दोन संपर्कांची वेळ ठरवायला असतात. एवढं डोक्यात असलं की कुठला स्क्रू कशासाठी हे पाठ करावं लागत नाही. पातं हातात आलं की पेटीवर बाहेरून धरून बघा, पिनजवळचा कोणता आणि लांबचा कोणता ते लगेच दिसतं.

बसवायची रीत:

नळी बिजागरीवर उघडून आरपार उजेड बघा. रायफल चढवलेली नाही याची खात्री हाताने करा, आठवणीवर नको. दस्त्याचे पुढचे दोन स्क्रू आणि गार्डचा एक किंवा दोन स्क्रू काढा. स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारा ड्रायव्हरच वापरा. दात असलेले वॉशर कुठल्या स्क्रूखालचे ते लिहून ठेवा.

पुढचं काम मोठ्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करा. ई-क्लिप उडते आणि फ्लॅटच्या हॉलमध्ये तीन-चार मिलिमीटरची क्लिप परत सापडत नाही.

पिन ठोकून सरळ बाहेर काढू नका. त्याच व्यासाच्या, किंवा ०.१ मिमीने बारीक, जुन्या ड्रिल बिटच्या दांड्याचा तुकडा पेटीच्या आतल्या रुंदीइतका कापून घ्या. दोन्ही टोकं घासून गोल करा. क्लिप काढली की या तुकड्याने मूळ पिन पुढे ढकलत न्यायची, म्हणजे पिन बाहेर आली तरी पात्याच्या भोकात तुकडा राहतो आणि पातं स्प्रिंगसकट हातात येतं. स्प्रिंगचा कुठला पाय कुठे टेकतो ते बघून घ्या. नवं पातं त्याच तुकड्यावर चढवून आत बसवा आणि मग मूळ पिन उलट्या बाजूने घालत तुकडा बाहेर काढा.

सेफ्टीची पिन या कामात काढावी लागत नसेल तर काढूच नका. तिची बारीक स्प्रिंग एकदा निसटली की बसवायला दोन माणसं लागतात.

भोक घट्ट आलं तर ड्रिल मशीन लावू नका. हातरीमर (भोक हाताने किंचित मोठं करायचं हत्यार) फिरवा. ॲल्युमिनियम ड्रिलला चिकटतं आणि भोक लंबवर्तुळाकार होतं. वागळे इस्टेटमधल्या कुठल्याही टूलरूमवाल्याकडे रीमर असतो, दोन मिनिटांचं काम आहे. पातं बाजूला हलत असेल तर दोन्हीकडे ०.१ मिमीचे पितळी शिम (पातळ चकत्या) घाला. एका बाजूला जाड शिम घालून भागवू नका, पातं तिरकं बसतं.

---

दहा_मीटर (ठाणे)

फिटरसाहेबांनी बसवण्याचं सगळं सांगितलं, मी फक्त वजनावर बोलतो.

आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांत १० मीटर एअर रायफलला ट्रिगरच्या वजनाची किमान मर्यादा नाही. एअर पिस्तुलाला ५०० ग्रॅमची आहे. मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची रायफल, मुलं १०० ग्रॅमच्या आत लावतात ते बघून स्प्रिंग रायफलवाले तोच आकडा डोक्यात घेतात. तुलना चुकते ती इथे. मॅच रायफलमध्ये आता दाबलेली हवा सिलिंडरमध्ये असते आणि सिअर फक्त एका छोट्या हॅमरला (हवेच्या झडपेवर आदळणाऱ्या ठोकळ्याला) अडवून ठेवतो. हॅमरची स्प्रिंग काही किलोंची. तुमच्या रायफलमध्ये सिअरवर चढवलेल्या मेन स्प्रिंगचा पूर्ण दाब असतो, साधारण ५० ते ७० किलो. इतका दाब धरून ठेवायला सिअरची पकड पुरेशी खोल लागते, आणि खोल पकड सोडवायला बोटाचा जोर लागतो. यातून पळवाट नाही.

स्प्रिंग रायफलला सुटण्याचं वजन ९०० ग्रॅम ते १.२ किलो ठेवा. यातला निम्म्याहून जास्त भाग पहिल्या टप्प्यात उचलला जावा, म्हणजे थांब्यावर बोट टेकलं की वरचे ४००-५०० ग्रॅमच द्यायचे उरतात. हाताला तो ट्रिगर काट्यावरच्या आकड्यापेक्षा खूप हलका वाटतो. ७०० च्या खाली जाऊ नका.

अजून एक. स्प्रिंग रायफलमध्ये सिअर सुटल्यापासून पेलेट (छर्रा) नळीबाहेर पडेपर्यंत पिस्टन पुढे धावतो आणि रायफल आधी मागे, मग पुढे हलते. त्या वेळात धरण्याची पद्धत बदलली तर टार्गेटवरच्या भोकांचा गट फाकतो. अति हलक्या ट्रिगरवर माणूस बोट ठेवायलाच घाबरतो, मग झटका देतो. एकसारखा १ किलो हा अधूनमधून ६०० येणाऱ्या ट्रिगरपेक्षा टार्गेटवर नेहमी चांगला. तुम्ही २.१ ते २.६ असा फरक मोजलात, तर आधी तो ५०० ग्रॅमचा फरक १०० च्या आत आणा. वजन कमी करणं त्यानंतर.

मोजताना काट्याचा हुक पात्याच्या त्याच जागी लावा जिथे बोटाचं पेर बसतं. टोकाला लावलात तर आकडा कमी येतो, मुळाशी लावलात तर जास्त. पात्यावर पेन्सिलची खूण करा. ओढण्याची दिशा नळीला समांतर. दहा वेळा मोजा आणि सरासरीसोबत सर्वात कमी आकडाही लिहा. सुरक्षेसाठी तोच आकडा कामाचा.

---

सिअर_आणि_स्प्रिंग (कल्याण)

खोपटदादा, सिअर पॉलिश करण्याबद्दल विचारलंत. माझं उत्तर: कानस, ड्रेमेल (विजेवर फिरणारं घासायचं हत्यार), पॉलिश पेपर यांपैकी काहीही सिअरच्या कडेला लावू नका.

या वर्गातल्या रायफलींचे सिअर बहुतेक वेळा साध्या पोलादाचे असतात आणि त्यांना फक्त वरवरचा कडकपणा दिलेला असतो. तो थर मिलिमीटरचा काही दशांश. घासताना तो कुठे संपला हे डोळ्यांना कळत नाही. नंतरच्या काहीशे गोळ्यांपर्यंत ट्रिगर अप्रतिम लागतो, कारण पृष्ठभाग गुळगुळीत झालेला असतो. मग आतलं मऊ पोलाद ५०-७० किलोखाली चेपायला लागतं, कड गोल होते आणि एके दिवशी रायफल चढवताना किंवा नळी मिटताना आपोआप सुटते. दुसरा धोका कोनाचा. सिअरचा कोन असा असतो की स्प्रिंगच्या दाबाने पकड घट्टच व्हावी. हाताने घासताना एका अंशाचा फरक सहज पडतो आणि तोच दाब पकड सोडवायला मदत करू लागतो. मग ट्रिगर हलका होत नाही, बेभरवशाचा होतो.

खरखर घालवायची असेल तर मोलिब्डेनम डायसल्फाइडचं ग्रीस घ्या. काळं असतं, ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतं. टूथपिकच्या टोकावर मोहरीएवढं, दोन सिअर जिथे एकमेकांना टेकतात तिथे आणि स्क्रूच्या टोकावर. बस. पेटी ग्रीसने भरली तर धूळ धरून त्याचा लगदा होतो. आणि पेटीत स्प्रेचं पातळ तेल मारू नका. ते आधीचं ग्रीस धुऊन काढतं, वर ओघळून कॉम्प्रेशन ट्यूबमध्ये गेलं की पुढच्या गोळीला आत पेटतं, धूर आणि स्फोटासारखा आवाज येतो, सील जळतं.

आता चाचण्या. पातं बसवलं आणि हाताला छान लागलं म्हणून काम झालं असं नाही. स्प्रिंग रायफल रिकामी झाडायची नसते, पिस्टनसमोर हवेची उशी राहत नाही आणि सील व स्प्रिंग दोन्ही खराब होतात. म्हणून प्रत्येक चाचणी पेलेट घालून, क्लबच्या रेंजवर, रेंज ऑफिसरला आधी सांगून. गच्चीवर किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये नाही.

१. रायफल चढवा, सेफ्टी लावा, नळी टार्गेटकडे. पातं ४ किलोपर्यंत ओढा आणि सोडा. सुटता कामा नये. आता सेफ्टी काढा, बोट बाहेर. सेफ्टी काढताना सुटली तर पातं सेफ्टीने अडवलेलं नव्हतं, सिअर आधीच अर्धा सरकला होता. नव्या पात्याचा पुढचा आकार मूळ पात्याहून वेगळा असतो, त्यामुळे हा दोष येऊ शकतो.

२. सेफ्टी काढलेली, बोट बाहेर. रबरी हातोड्याने दस्त्याच्या मागच्या पॅडवर, मग दोन्ही बाजूंना मध्यम जोराचे चार-पाच ठोके. सुटली तर पकड कमी आहे.

३. नळी उघडी असताना ट्रिगर अडवणारी कडी तुमच्या रायफलमध्ये असेल तर तीही तपासा. नळी पूर्ण खाली दाबून दुसऱ्या हाताने घट्ट धरलेलीच ठेवायची, सोडायची नाही, आणि मग पातं ओढायचं. हलायला नको. अशी कडी असलेली रायफल चढवल्यावर हळूच उतरवता येत नाही, झाडूनच मोकळी करावी लागते, हेही लक्षात ठेवा.

आणि चाचण्या पास झाल्या तरी पेलेट घालताना नळी कायम हातात धरलेली. उघडी नळी आपोआप मिटली तर बोट तुटतं, नळी वाकते. साइड-लिव्हर आणि अंडर-लिव्हर (बाजूच्या किंवा खालच्या दांड्याने चढणाऱ्या) रायफलींत सरकणारा कप्पा असतो, तिथे तर लिव्हर धरल्याशिवाय बोट आत घालायचंच नाही.

---

नेरूळकर_काका (नवी मुंबई)

नवीन पातं घेण्याआधी एक स्वस्त उपाय करून बघा. पेटीतला मूळ ॲडजस्टिंग स्क्रू बाहेर काढा आणि नट-बोल्टच्या दुकानात न्या. नागदेवी स्ट्रीटला गेलात तर सगळे थ्रेड मिळतील. त्याच थ्रेडचा, त्याच डोक्याचा, ३ ते ४ मिमी जास्त लांब स्क्रू घ्या. अंदाजाने थ्रेड घेऊ नका, पेटीतले आटे खराब झाले तर ते दुरुस्त होत नाहीत. फिटरने वर सांगितलंच आहे की तुमचा स्क्रू पोचायच्या आत सिअर सुटतोय. लांब स्क्रूने दुसरा टप्पा तयार होतो. टोक मात्र कानसीने सपाट करून बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, कारण ते टोक आता सिअरवर घासणार.

प्लास्टिकचं पातं तसंच राहतं आणि त्याची लवचीकता राहतेच, त्यामुळे ॲल्युमिनियमइतका स्वच्छ थांबा लागणार नाही.

परदेशातून सुटा भाग मागवायच्या भानगडीत पडू नका. बंदुकांचे सुटे भाग कस्टमच्या ९३०५ या शीर्षकाखाली येतात आणि पार्सल अडकतं. इथल्या विक्रेत्याचं बिल असणं बरं. ट्रिगर बदलल्याने नळीतून निघणारी ऊर्जा बदलत नाही, त्यामुळे २० जूलच्या आतली .१७७ ची रायफल कायद्याच्या दृष्टीने आहे त्याच वर्गात राहते.

---

खोपट१७७

सर्वांचे आभार. पेटीचे फोटो विक्रेत्याला दाखवले, नमुना जुळला. पातं ॲल्युमिनियमचंच घेतलं. पिन ४.९७, भोक ५.०३. दोन्ही बाजूंना शिम घातले. सिअरला हात लावला नाही, फक्त मोलीचं ग्रीस.

आता तीन अडचणी आहेत.

पहिली: दहापैकी दोन-तीन वेळा रायफल चढतच नाही. नळी पूर्ण खाली आणली तरी खट्ट आवाज येत नाही, नळी परत वर येते.

दुसरी: दस्त्याबाहेर असताना पातं मोकळं फिरतं, दस्ता लावून गार्डचा स्क्रू आवळला की परतताना अडखळतं.

तिसरी: सरासरी ९५० ग्रॅम येते, पण सर्वात कमी ७०० आणि सर्वात जास्त ११५०.

हातोड्याची चाचणी अजून केलेली नाही. रायफल चढते तेव्हा सेफ्टी नीट धरते.

---

रबाळे_फिटर

दादा, आधी पहिली अडचण. ती सुटेपर्यंत रायफल चढवू नका.

चढत नाही याचं कारण पातं सुटं असताना मूळ जागी पूर्ण परत येत नाहीये. पिनजवळचा ग्रब स्क्रू जास्त आत गेलाय. त्यामुळे बोट न लावताही पातं खालच्या सिअरला थोडं ढकलूनच बसलंय, आणि खालचा सिअर वरच्याखाली पूर्ण सरकत नाही. दहापैकी दोन-तीन वेळा अजिबात धरत नाही याचा अर्थ उरलेल्या सात-आठ वेळा तो जेमतेम कडेवर धरतोय. हातोड्याच्या चाचणीत ती रायफल नक्की सुटेल. चढत नाही म्हणून ताकद लावून नळी अजून खाली खेचू नका, नळी आणि पिस्टन जोडणारी लिंक वाकते.

उपाय: स्प्रिंग मोकळी, रायफल न चढवलेली, दस्ता उतरवलेला. दोन्ही ग्रब स्क्रू पूर्ण मागे घ्या. तुमच्या पात्यात एम३ चे असतील तर १.५ मिमीची एलन की, एम४ असतील तर २ मिमीची. घासलेली की वापरू नका, एवढ्या लहान षटकोनाचे कोपरे एका फिरण्यात उडतात. स्क्रू मागे घेतल्यावर पात्याला बोटाने हलवा: सिअरला टेकायच्या आधी पात्याच्या टोकाशी दीड-दोन मिमी मोकळी चाल हवी. ही मोकळी चाल हीच तुमची सुरक्षा आहे. ती कधीही शून्यावर आणायची नाही.

मग आधी पिनजवळचा स्क्रू पाव-पाव फेरा आत घ्या, मोकळी चाल १ मिमी उरेपर्यंत. इथे तो स्क्रू सोडून द्या. आता रायफल चढवा, दहाच्या दहा वेळा स्वच्छ खट्ट यायला हवं, प्रत्येक गोळी पेलेटसह. त्यानंतरच लांबचा स्क्रू, एका वेळी एक अष्टमांश फेरा, आणि दर बदलानंतर दोन-तीन गोळ्या. बोटाला काय लागतं ते असं वाचा: थांबा न लागता सुटली तर लांबचा स्क्रू अजून उशिरा पोचतोय, थोडा आत घ्या. थांबा लगेच आला आणि त्यानंतर बोट खूप सरकल्यावर सुटली तर तो लवकर पोचतोय, थोडा मागे घ्या. थांबा लागावा आणि त्यानंतर हालचाल जाणवायच्या आत सुटावी, इतपत आणायचं. तिथून अर्धा अष्टमांश पुन्हा सुरक्षित बाजूला, म्हणजे दुसऱ्या टप्प्यात किंचित सरक राहू द्या. काचेसारखा तुटणारा ट्रिगर या पेटीतून काढायला गेलात तर पकड कमी करूनच मिळेल, आणि ते नको.

दुसरी अडचण साधी आहे. गार्ड प्लास्टिकचा, त्याची फट मूळ पात्याच्या मापाची. नवं पातं थोडं रुंद किंवा पुढे झुकलेलं आहे. पात्यावर लिपस्टिक किंवा मार्करची शाई लावा, दस्ता बसवून पातं चार वेळा ओढा, गार्डवर डाग कुठे पडला ते बघा. तेवढाच भाग सपाट कानसीने अर्धा मिमी खरवडा. गार्डचा स्क्रू नीट टेकेपर्यंत आवळा आणि वर अष्टमांश फेरा, त्याहून जास्त नाही. लाकडी दस्त्यात तो जास्त आवळला की लाकूड चेपतं, पेटी खाली खेचली जाते आणि ट्रिगरची सेटिंग दस्ता लावल्यावर बदलते. यासाठीच शेवटचं मोजमाप कायम दस्ता लावूनच घ्यायचं.

---

दहा_मीटर

तिसरी अडचण बहुतेक पहिल्या दोघींतूनच आली आहे. पातं गार्डला घासतं तेव्हा ११५०, सिअर कडेवर बसतो तेव्हा ७००. दोन्ही दुरुस्त झाल्यावर फरक उरला तरच पात्याची परतीची स्प्रिंग बघा. तिचा एक पाय पेटीच्या कडेवर सरकत असेल तर दर वेळी ताण वेगळा येतो. स्प्रिंग कापून किंवा वाकवून ट्रिगर हलका करू नका. ती पात्याला मूळ जागी परत आणते, ती मऊ झाली की चढत नसल्याची तक्रार पुन्हा येईल.

नेरूळकर काका, तुमच्याकडच्या जुन्या डायना ३५ (जर्मन एअर रायफल) नमुन्याला असं काही बसतं का? इथे बरेच जण विचारतात.

---

नेरूळकर_काका

मूळ डायना २७ आणि ३५ मध्ये बॉल सिअर आहे: तीन पोलादी गोळ्या पिस्टनच्या दांड्याची खाच धरतात आणि बाहेरची नळी सरकली की गोळ्या बाजूला होऊन पिस्टन सुटतो. त्याला बाहेरचं पातं बसवायची गरज नाही. जुनं वाळलेलं ग्रीस काढून, गोळ्यांवर गंज नाही ना ते पाहून, त्याच्या दोन स्क्रूंनी सेट केला तर नव्या स्वस्त रायफलींच्या कितीतरी पुढे जातो. पण तो उघडायला स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतो, फ्लॅटमध्ये हाताने दाबून टोपी काढायचा प्रकार करू नये. आणि ३५ सारखी दिसणारी प्रत्येक देशी रायफल आतून बॉल सिअरची नसते, काहींत साधा एकच सिअर असतो. दिसण्यावर जाऊ नका.

वायराख या जर्मन कंपनीची रेकॉर्ड ट्रिगरवाली रायफल असेल तर दुसऱ्या टप्प्याच्या वजनाचा स्क्रू फिरवा, सिअरच्या पकडीचा बारीक स्क्रू कारखान्याने लावलाय तिथेच राहू द्या.

---

खोपट१७७

केलं सगळं त्याच क्रमाने. गार्डला डाव्या बाजूला डाग पडला होता, खरवडला. पिनजवळचा स्क्रू जवळजवळ एक पूर्ण फेरा मागे आला. आता दर वेळी चढते. दस्ता लावून दहा मोजमापं: सरासरी १०६०, सर्वात कमी १०२०, सर्वात जास्त ११००. हातोड्याच्या चाचणीत सुटली नाही, सेफ्टीचीही झाली. थांबा स्पष्ट लागतो.

ग्रब स्क्रू जागच्या जागी राहावेत म्हणून काय लावू? आणि पावसाळ्यात घरात सगळ्याला ओल धरते, तेव्हा पेटीची काळजी?

---

सिअर_आणि_स्प्रिंग

लॉकटाइट २२२ (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद), जांभळं, कमी ताकदीचं. निळं २४३ एम३ च्या ग्रब स्क्रूला जास्त होतं, पुढे काढताना कोपरे उडतात. लाल तर नाहीच. लावायच्या आधी दोन्ही स्क्रूंच्या खाचेची दिशा पातळ मार्करने पात्यावर नोंदवा, मग स्क्रू काढून आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, भोकातही कापसाची काडी फिरवा. तेल राहिलं तर लॉकटाइट धरत नाही. थ्रेडवर एक बारीक थेंब, टोकावर नको, कारण टोक सिअरला टेकतं. स्क्रू खुणेपर्यंत परत आणा आणि चोवीस तास रायफल चढवू नका. त्यानंतर टोकावर मोलीचं ग्रीस पुन्हा, आणि मोजमाप व हातोड्याची चाचणी पुन्हा एकदा. पुढे दर ५०० गोळ्यांनी, किंवा पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, सर्वात कमी आकडा तपासा. तो ९०० च्या खाली घसरला तर रायफल बाजूला ठेवा आणि पेटी उघडून कारण शोधा. स्क्रू फिरवून आकडा वर आणू नका, कारण घसरण म्हणजे काहीतरी झिजलंय किंवा सैल झालंय.

ओलीबद्दल: पात्याला गंज धरत नाही, पिनला धरतो, आणि गंजलेली पिन ॲल्युमिनियमच्या भोकाला कानसीसारखी खाते. पिनवर बंदुकीच्या तेलाचा एक थेंब, कापडाने पुसून उरेल तेवढाच. फोमच्या केसमध्ये जून ते सप्टेंबर रायफल ठेवू नका, फोम ओल धरून ठेवतो. कपाटात उभी, शेजारी सिलिका जेलची पुडी, पुडीचा रंग बदलला की तापवून कोरडी करायची. ठाण्यात खाडीकडच्या बाजूला राहत असाल तर महिन्यातून एकदा दस्ता न उतरवता पिनची दोन्ही टोकं टॉर्चने बघा, तांबूस दिसली की लगेच पुसा.